जुन्या कॅड फायली: पीडीएफ हवीच, पण तिच्यावर थांबू नका

प्रश्न: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं पॅटर्न (ओतकामाचा साचा घडवायचे नमुने) आणि फिक्श्चर बनवण्याचं वर्कशॉप आहे. वडिलांनी १९९८ मध्ये ऑटोकॅड आर१४ वर काम सुरू केलं. पुढे ऑटोकॅडवरच चालणारं थ्री-डीचं मेकॅनिकल डेस्कटॉप आलं, आता सॉलिडवर्क्स आहे. फ्लॉप्या, सीडी, विंडोज ९८ चा एक आणि एक्सपीचा एक असे दोन जुने पीसी, दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, असा सगळा पसारा आहे. पंप केसिंगसारख्या कास्टिंगची ऑर्डर पंधरा-वीस वर्षांनीसुद्धा परत येते. नुकतंच २००१ चं एक ड्रॉइंग नव्या मशीनवर उघडलं, तर मराठी सूचनांच्या जागी भलतीच अक्षरं, व्यासाच्या चिन्हाच्या जागी इंग्रजी ‘एन’, आणि मॉडेलमध्ये आकुंचन (धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्नला दिलेलं जादा माप) धरलंय की नाही याचा पत्ता नाही. भाचा म्हणतो, सगळ्याच्या पीडीएफ करून क्लाउडवर टाकून दे. एवढ्याने भागेल का? कॅडचं काम करणारा आमच्याकडे एकच मुलगा आहे.
– एक वाचक, शिरोली

उत्तर:

सप्रेम नमस्कार ताई,

भाच्याचं अर्धं बरोबर आहे. पीडीएफ कराच. पण पीडीएफवरून माणूस ड्रॉइंग वाचतो, व्हीएमसीला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनला, त्यावरून टूलपाथ (कापणाऱ्या हत्याराचा मार्ग) देता येत नाही. केसिंगच्या व्होल्यूटचा (गोगलगायीसारख्या वळणदार भागाचा) पृष्ठभाग कागदावरच्या तीन दृश्यांमधून पुन्हा मॉडेल करायचा म्हटला तर काही दिवस जातात, आणि झालेलं मॉडेल पहिल्यासारखंच आहे हे कशावरून ठरवणार?

म्हणून ज्या पार्टची ऑर्डर परत येऊ शकते, त्याच्या चार गोष्टी एकत्र ठेवा: हात न लावलेली मूळ फाइल, कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या फॉरमॅटमधली प्रत, डोळ्यांनी वाचायची पीडीएफ, आणि साध्या टेक्स्टमधलं एक पानी टिपण. चौथी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि नेमकी तीच कुणी करत नाही. आकुंचनाचा तुमचा प्रश्न तिथेच सुटतो. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

हे काम जुने पीसी चालू आहेत तोवर करायचं आहे. त्यातही विंडोज ९८ पेक्षा एक्सपीचा पीसी जास्त मोलाचा, जर मेकॅनिकल डेस्कटॉप त्यावर असेल तर. आर१४ च्या साध्या टू-डी फायली आजचं सॉफ्टवेअर नीट वाचतं. मेकॅनिकल डेस्कटॉपच्या फायलींचं एक्स्टेन्शनही ऑटोकॅडसारखं डीडब्ल्यूजीच असतं, पण आत थ्री-डी फीचर खास प्रकारच्या ऑब्जेक्टच्या रूपात असतात. साध्या ऑटोकॅडला ते कळत नाहीत. ते फक्त त्यांची सावली दाखवतं, जिला प्रॉक्सी म्हणतात, आणि फाइल सेव्ह करताना प्रॉक्सी ग्राफिक्स बंद असतील तर तेवढंही दिसत नाही. मेकॅनिकल डेस्कटॉपची शेवटची आवृत्ती २००९ ची. ते आज कुठे पुन्हा इन्स्टॉल करून ॲक्टिव्हेट करता येईल यावर भिस्त ठेवू नका.

आधी प्रती काढा, फायली नंतर उघडा

जुना पीसी सुरू करून फायली चाळायला बसण्याचा मोह आवरा. विंडोज नुसतं सुरू झालं तरी डिस्कवर लिहीत असतं, आणि वीस वर्षांच्या डिस्कला किती सुरुवाती उरल्या आहेत हे सांगता येत नाही. पीसी बंद ठेवून डिस्क बाहेर काढा. त्या काळची डिस्क बहुधा रुंद पट्टीच्या केबलची, म्हणजे आयडीई प्रकारची असेल. तिला आयडीई-यूएसबी ॲडाप्टर लावा. डिस्कवरचा जंपर ‘मास्टर’वर असावा, नाहीतर ॲडाप्टरला ती बऱ्याचदा दिसत नाही. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करा, डिस्क आपोआप माउंट होणं (लिनक्सने ती स्वतःहून उघडणं) बंद करा आणि डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा. हा प्रोग्रॅम पहिल्या फेरीत चांगला भाग वाचून घेतो आणि खराब जागा सोडून पुढे जातो. नंतर त्या जागांवर ठरवून दिल्याइतक्या वेळा परत येतो. ३ फेऱ्या पुरेत. त्याला मॅपफाइलचं (कुठवर वाचलं याच्या नोंदीचं) नाव नक्की द्या, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम सोडलं तिथून सुरू होतं. कमांडमध्ये स्रोत आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली तर जुनी डिस्क पुसली जाते, तेव्हा एंटर दाबण्याआधी दोन्हींची साइज वाचून खात्री करा.

इमेज हातात आली की डिस्क पीसीत परत बसवा. बरीच वर्षं बंद असलेल्या पीसीची मदरबोर्डवरची ३ व्होल्टची बटण बॅटरी संपलेली असते, त्यामुळे तारीख आणि डिस्कचं सेटिंग दोन्ही हरवतं. सीआर२०३२ बॅटरी बदला, बायोसमध्ये डिस्क ‘ऑटो डिटेक्ट’ करा आणि तारीख बरोबर लावा. तारीख चुकीची राहिली तर आज एक्स्पोर्ट केलेल्या फायली जुन्या असल्यासारख्या दिसतील आणि पुढे कुठली आधीची, कुठली नंतरची हा घोळ होईल. विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह सहसा ड्रायव्हरशिवाय कळत नाही. त्यापेक्षा एक्स्पोर्ट त्याच डिस्कवर करा आणि डिस्क पुन्हा बाहेर काढून फायली घ्या. पॅरलल पोर्टवर ऑटोकॅडचं लॉक (लायसन्स तपासणारं छोटं उपकरण) लावलेलं असेल तर ते पीसी चालू असताना काढू-लावू नका.

फ्लॉपीची मागची खिडकी उघडी म्हणजे ती लिहिण्यापासून सुरक्षित, हे बघूनच ती यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घाला. चकतीवर बुरशीचे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. एका बुरशीच्या फ्लॉपीने हेड खराब झालं की पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही ओरखडतात. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. एका ड्राइव्हवर वाचली गेली नाही तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर लावून बघा. पुष्कळदा वाचली जाते. सीडीवर चिकटवलेलं लेबल ओढून काढू नका, डेटा त्याच बाजूच्या पातळ थरात असतो आणि तो लेबलबरोबर सुटून येतो.

काय आहे, याची मोजदाद

सगळ्या प्रती एका जागी आल्या की पूर्ण फोल्डरला ‘रीड-ओन्ली’ करा. यातली एकही फाइल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सेव्ह होता कामा नये, कारण एकदा सेव्ह झाली की ती नव्या आवृत्तीची झाली.

ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा ‘ड्रॉइड’ हा मोफत प्रोग्रॅम फोल्डरवर चालवला की कुठली फाइल कुठल्या फॉरमॅटची आणि कुठल्या आवृत्तीची याची यादी मिळते. तो फायलीच्या नावापेक्षा आतल्या खुणांवर जास्त भर देतो. एखाददुसरी फाइल हाताने तपासायची असेल तर डीडब्ल्यूजीची प्रत नोटपॅडमध्ये उघडा. अगदी सुरुवातीची सहा अक्षरं आवृत्ती सांगतात: एसी१००९ म्हणजे आर११ किंवा आर१२, एसी१०१२ म्हणजे आर१३, एसी१०१४ म्हणजे आर१४, एसी१०१५ म्हणजे २००० ते २००२, एसी१०१८ म्हणजे २००४ ते २००६, एसी१०२१ म्हणजे २००७ ते २००९, एसी१०२४ म्हणजे २०१० ते २०१२, एसी१०२७ म्हणजे २०१३ ते २०१७, आणि एसी१०३२ म्हणजे २०१८ नंतरची.

‘बॅक’ एक्स्टेन्शनच्या फायली कचरा समजून उडवू नका. त्या ऑटोकॅडनेच ठेवलेल्या आधीच्या प्रती असतात. प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी केलं की उघडतात. मूळ फाइल बिघडलेली आणि शेजारची बॅक फाइल ठणठणीत, असं वारंवार दिसतं.

या यादीवरून कामाची वाटणी करा. एकच मुलगा आहे, तेव्हा सगळ्यांना सारखा वेळ देता येणार नाही. ज्या पार्टची ऑर्डर गेल्या दहा वर्षांत आली किंवा ज्याचा पॅटर्न अजून मांडणीवर आहे, त्यांच्यावर पूर्ण सोपस्कार करा. बाकीच्या टू-डी ड्रॉइंगना डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीचा फॉरमॅट) आणि पीडीएफ पुरे. हे बॅचमध्ये होतं. उरलेलं नुसतं मूळ स्वरूपात, हॅशसकट ठेवा. हॅश म्हणजे काय ते खाली सांगतो.

टू-डी ड्रॉइंग

ओपन डिझाइन अलायन्सचा मोफत फाइल कन्व्हर्टर अख्खं फोल्डर डीडब्ल्यूजीमधून डीएक्सएफमध्ये बदलतो. त्यातला ‘ऑडिट’चा (फायलीतले दोष तपासण्याचा) पर्याय चालू ठेवा. डीएक्सएफ ॲस्की घ्या, बायनरी नको. ॲस्की फाइल कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते. आवृत्ती २०१० ची निवडा. आर१२ चं डीएक्सएफ सगळीकडे चालतं म्हणून पुष्कळ जण तेच काढतात, पण आर१२ मध्ये स्प्लाइन (मुक्त वक्र रेघ) आणि इलिप्स (लंबवर्तुळ) नाहीत, त्यांचे तुकडे होतात, आणि एमटेक्स्टही (अनेक ओळींचा मजकूर) सुटं होतं. २००७ पासूनच्या डीएक्सएफमध्ये अक्षरं यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत असतात, त्यामुळे युनिकोड मराठी जशीच्या तशी टिकते.

तुमच्या ड्रॉइंगमधली मराठी बिघडली त्याचं कारण वेगळं आहे. शिवाजी, श्रीलिपी, सी-डॅकच्या आयएसएममधले डीव्हीबी फाँट, हे सगळे युनिकोडच्या आधीचे. फायलीत साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरं किंवा चिन्हं. फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. फाँट नसला की अंगचं रूप उघडं पडतं. यावर उपाय असा: जुन्या पीसीच्या विंडोजमधल्या फाँटच्या फोल्डरमधून आणि ऑटोकॅडच्या फाँटच्या फोल्डरमधून सगळे फाँट उचलून जपून ठेवा (लायसन्स तुमचंच आहे, दुसऱ्याला वाटू नका). ते बसवून एकदा बरोबर दिसणारी पीडीएफ काढा, आणि त्या सूचना टिपणात युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. पीडीएफमध्ये फाँट एम्बेड झाला तरी अशा मराठीत शोध चालत नाही, कारण पीडीएफच्या आतही ती इंग्रजी अक्षरंच असतात.

‘एन’चं कोडंही फाँटचंच आहे. ऑटोकॅडच्या स्वतःच्या, एसएचएक्स प्रकारच्या जीडीटी नावाच्या फाँटमध्ये छोट्या ‘एन’च्या जागी व्यासाचं चिन्ह असतं. तो फाँट सापडला नाही की ऑटोकॅड दुसरा लावतं आणि नुसता ‘एन’ उरतो. इथे निदान दिसलं तरी. सपाटपणा, समांतरता, पोझिशन यांच्या चौकटींमधली चिन्हं अशीच अक्षरं होतात तेव्हा ते सहज नजरेतून सुटतं आणि टॉलरन्सच (मापात किती फरक चालेल ते) हरवतो.

आता डीएक्सएफमधली एक तपासणी, जिच्यावाचून पुढे जाऊ नये. घाईत पुष्कळ ड्राफ्ट्समन रेघ न हलवता डायमेन्शनचा आकडा नुसता टाइप करून बदलतात. ड्रॉइंगवर ४५ लिहिलेलं, रेघ मात्र ४४.६. कागदावर काम चालायचं तोवर यात काही बिघडलं नाही. वीस वर्षांनी कुणी त्याच रेघेवरून टूलपाथ काढला की पार्ट चुकतो. डीएक्सएफमध्ये प्रत्येक डायमेन्शनच्या नोंदीत १ क्रमांकाचा ग्रुप कोड असतो. तो रिकामा असेल किंवा त्यात फक्त कोनी कंसांची जोडी असेल तर आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे. त्या कंसांऐवजी आकडा असेल तर तो टाइप केलेला. तुमच्या मुलाला थोडं पायथन येत असेल तर ‘ईझेडडीएक्सएफ’ या लायब्ररीने सगळ्या फोल्डरची अशी यादी एका बैठकीत निघेल. त्या यादीतली रेघ दुरुस्त करायची नाही. टिपणात लिहायचं: ‘अमुक आकडा खरा, रेघ चुकीची’.

मापाचं एकक ही दुसरी अडचण. ब्लॉक आणि इन्सर्टसाठीचं एकक सांगणारा इन्सयुनिट्स हा चलांक ऑटोकॅड २००० पासून आला. आर१४ च्या फायलीत तो नाही, म्हणजे फाइल स्वतःहून मिलिमीटर की इंच सांगत नाही. तेही टिपणात यायला हवं.

पीडीएफ काढताना सीटीबी फाइल विसरू नका. जुन्या ड्रॉइंगमध्ये रेघेची जाडी रंगावरून ठरायची, लाल म्हणजे अमुक जाडी, पिवळा म्हणजे तमुक, आणि तो तक्ता सीटीबीत असतो. आर१४ च्या काळात तो पेन सेटिंगच्या पीसीपी किंवा पीसी२ फायलीत असायचा, त्याही उचला. तक्ता नसेल तर सेंटर लाइन आणि आउटलाइन एकाच जाडीच्या होतात. ज्या मापात ड्रॉइंग आहे त्याच शीटवर काढा, कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ टाका म्हणजे प्रिंट खरी आहे का हे पट्टीने तपासता येईल. साध्या पीडीएफवरून घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार) करा, आणि व्हेरापीडीएफ या मोफत प्रोग्रॅमने ती खरोखर पीडीएफ/ए आहे का बघा. फाइलच्या नावात ‘ए’ लिहिल्याने ती तशी होत नाही.

थ्री-डी मॉडेल

इथे तटस्थ फॉरमॅट म्हणजे स्टेप, आयएसओ १०३०३. १९९४ पासून हे मानक आहे, फाइल साध्या टेक्स्टमध्ये असते आणि जवळपास प्रत्येक कॅड ती वाचतं. आयजीईएसच्या वाटेला जाऊ नका. त्याची शेवटची आवृत्ती १९९६ ची आणि त्यातून सॉलिडऐवजी सुटे पृष्ठभाग येण्याचं प्रमाण फार. स्टेपमध्ये एपी २०३, २१४ आणि २४२ असे प्रकार आहेत. २४२ मध्ये पहिले दोन सामावलेले आहेत, शिवाय टॉलरन्स मॉडेलवरच जोडता येतात. सॉलिडवर्क्समध्ये २४२ ला वेगळं लायसन्स लागतं. ते नसेल तर २१४ घ्या, आकारासाठी ते पुरेसं आहे, आणि टॉलरन्स पीडीएफमध्ये आहेतच.

मेकॅनिकल डेस्कटॉपमधून एक्सपीच्या पीसीवरच स्टेप काढा. तिथे स्टेपचा पर्याय बसवलेला नसेल तर एसिसआउट कमांडने सॅट फाइल काढा, ती सॉलिडवर्क्समध्ये उघडून तिची स्टेप करा आणि सॅटही ठेवा.

सॉलिडवर्क्सच्या मूळ फायलींसाठी ‘पॅक अँड गो’ (एकमेकींवर अवलंबून असलेल्या फायली एकत्र करण्याची सोय) वापरा. ड्रॉइंग आणि टूलबॉक्सचे (बोल्टसारख्या तयार भागांच्या लायब्ररीतले) पार्ट या दोन्हींच्या खुणा लावायला विसरू नका. टूलबॉक्सचे बोल्ट असेम्ब्लीत नसतात, लायब्ररीत असतात. दुसऱ्या मशीनवर लायब्ररी वेगळी निघाली की एम८ चा बोल्ट अचानक भलामोठा होऊन बसतो. दुसरं म्हणजे पॅक झालेल्या फोल्डरमधल्या फायलींची नावं एक्स्प्लोररमधून बदलू नका. असेम्ब्ली पार्टला नावानेच ओळखते. दोन ग्राहकांच्या कामांत ‘कव्हर’ नावाचे दोन पार्ट असतील आणि एक आधीच उघडा असेल, तर सॉलिडवर्क्स दुसऱ्या असेम्ब्लीतही तोच घालून मोकळं होतं. नाव बदलायचंच असेल तर पॅक अँड गो करतानाच बदला.

स्टेपमध्ये काय हरवतं हे आधी माहीत असलेलं बरं. फीचर ट्री (मॉडेल घडवल्याच्या पायऱ्या), स्केच, समीकरणं, मेट (पार्ट एकमेकांना जोडणाऱ्या अटी), हे सगळं जातं. कॉस्मेटिक थ्रेड जातो, एम१० चं आट्यांचं भोक नुसतं गुळगुळीत भोक म्हणून उरतं. आणि एका वेळी फक्त चालू कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट होतं. एकाच फायलीत इंपेलरचे पाच व्यास कॉन्फिगरेशन म्हणून ठेवले असतील तर पाच स्टेप लागतील. हे न कळल्याने चार आकार मागे राहतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्टेप निघाली म्हणजे ती बरोबर निघाली असं धरू नका. विमान पन्नास वर्षं उडतं आणि तितकी वर्षं त्याचं डिझाइन वाचता यावं लागतं, म्हणून विमान उद्योगाने लोटार नावाने ईएन ९३०० हे मानक तयार केलं. त्यातली तपासणीची पद्धत तुमच्या वर्कशॉपलाही परवडेल अशी आहे. एक्स्पोर्टच्या आधी मूळ मॉडेलचं घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्याचे तीन आकडे लिहून घ्यायचे, आणि स्टेप उघडून तेच पुन्हा काढायचे. मात्र सॉलिडवर्क्समध्येच परत उघडू नका. फ्रीकॅडमध्ये उघडा, त्याचं गणिती इंजिन वेगळं आहे, त्यामुळे जी चूक सॉलिडवर्क्स पोटात घालतं ती तिथे उघडी पडते. घनफळात दहा हजारात एक भागापेक्षा जास्त फरक दिसला तर आम्ही ती स्टेप नापास धरू. बहुतेक वेळा कारण एखाद्या फिलेटजवळ (गोलावलेल्या कोपऱ्याजवळ) सापडतं: दोन पृष्ठभागांच्या कडा नीट जुळत नाहीत, सॉलिड बंद होत नाही आणि घनफळ येतच नाही. मूळ मॉडेलमध्ये त्या जागची फिलेट थोडी बदलून चालणार नाही, कारण मग तो मूळ पार्ट राहिला नाही. अशा वेळी पॅरासॉलिडची (सॉलिडवर्क्सच्या स्वतःच्या गणिती इंजिनाची) टेक्स्ट फाइल जोडीला ठेवा आणि दोष टिपणात नोंदवा. घनफळ १६,३८७ पटींनी वेगळं आलं तर इंच-मिलिमीटरचा घोळ आहे, २५.४ चा घन तेवढाच होतो.

एक पानी टिपण

कास्टिंगच्या धंद्यात फाइल उघडली तरी प्रश्न संपत नाही. उघडलेलं मॉडेल तयार पार्टचं, कच्च्या कास्टिंगचं, की पॅटर्नचं? ग्रे आयर्नला साधारण १ टक्का आकुंचन, ॲल्युमिनियमला १.३ च्या आसपास, स्टीलला २ च्या आसपास धरतात, आणि स्टेपमध्ये याची कुठेही नोंद नसते. ज्या फायलींबद्दल शंका आहे, तिथे ग्राहकाच्या ड्रॉइंगवरचं एखादं लांब मध्यांतर घ्या, मशीनिंग ज्याला लागत नाही असं. ड्रॉइंगवर दोन बॉसमध्ये (कास्टिंगवरच्या उंचवट्यांमध्ये) २०० असेल आणि मॉडेलमध्ये २०२ आलं, तर १ टक्का धरलेला आहे. एकाच मापावर विसंबू नका. तिन्ही दिशांना एकेक माप घ्या, कारण कोअर (पोकळीसाठी साच्यात बसवलेला गाभा) आकुंचन अडवतो तिथे काही पॅटर्नमेकर दिशेगणिक वेगळं आकुंचन धरतात.

टिपण यूटीएफ-८ टेक्स्ट फाइल असू द्या, वर्ड नको. त्यात हे असावं: तुमचा पार्ट नंबर, ग्राहकाचा ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन, मॉडेल कशाचं आहे, एकक, आकुंचन किती टक्के, मशीनिंग अलाउन्स (तासण्यासाठी ठेवलेलं जादा माप) कुठल्या बाजूला किती, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) किती अंश, पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) कुठे, कोअर प्रिंट (कोअर टेकण्याच्या जागा) मॉडेलमध्ये आहेत की वेगळ्या कोअर बॉक्स फायलीत, मटेरियल, उदाहरणार्थ आयएस २१० चं एफजी २६०, मूळ सॉफ्टवेअर आणि आवृत्ती, रूपांतर कशाने, कधी, कुणी केलं, तपासणीचे आकडे, आणि माहीत असलेल्या चुका.

यातलं निम्मं फायलीत सापडणार नाही. ते वडिलांना, जुन्या ड्राफ्ट्समनला आणि पॅटर्न बनवणाऱ्या मिस्त्रींना माहीत असतं. त्यांच्यासमोर ड्रॉइंगच्या प्रिंट ठेवा आणि एकेक विचारून घ्या. एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारा: ट्रायल कास्टिंगनंतर पॅटर्नवर हाताने काय बदललं? पुट्टी भरून त्रिज्या वाढवली, रायझर (कास्टिंगला जादा धातू पुरवणारा भाग) सरकवला, कोअर प्रिंट घासला. असे बदल मांडणीवरच्या लाकडात असतात आणि कॅडमध्ये बहुधा परत येत नाहीत. पॅटर्न अजून शाबूत असेल तर महत्त्वाची मापं घेऊन ताडून बघा. दोन्हींत फरक निघाला तर पॅटर्नवर ओतलेलं कास्टिंग ग्राहकाने पास केलं होतं, तेव्हा पॅटर्न खरा धरा आणि तसं लिहा.

सीएनसीचे प्रोग्रॅम टेक्स्टच असतात, तेही त्याच फोल्डरमध्ये ठेवा, पण टूल लिस्ट आणि मशीनच्या कंट्रोलरचं नाव सोबत हवं.

ठेवायचं कुठे

एका पार्टचं एक फोल्डर. बाहेरच्या फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढ्यातच बसवा, छोटं ठेवा. विंडोजमध्ये पूर्ण पाथ २६० अक्षरांच्या पुढे गेला की जुनी सॉफ्टवेअरं अडखळतात. आत मूळ, स्टेप किंवा डीएक्सएफ, पीडीएफ, टिपण आणि फाँट.

मग प्रत्येक फायलीचा एसएचए-२५६ हॅश काढा. हॅश म्हणजे फायलीच्या मजकुरावरून काढलेली ६४ अक्षरांची खूण. फायलीतला एक बिट बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते. हाताने करण्यापेक्षा बॅगइट ही पद्धत वापरा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा बॅगर हा मोफत प्रोग्रॅम फोल्डर बांधून देतो, हॅशची यादी आत ठेवतो आणि पुढे कधीही एका बटणाने सगळं तपासतो. या यादीचा कायदेशीर उपयोगही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ७ इलेक्ट्रॉनिक नोंद मूळ स्वरूपात किंवा अचूक असल्याचं दाखवता येईल अशा स्वरूपात ठेवायला सांगतं, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. ग्राहकाशी रिव्हिजनवरून वाद झाला तर हेच कामाला येईल.

प्रती तीन. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या साध्या फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्क घ्या. एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षं वीज न देता ठेवण्यासाठी नाहीत, त्यांच्यातला चार्ज हळूहळू गळतो. एक डिस्क वर्कशॉपमध्ये, पण काम झालं की केबल काढून. रॅन्समवेअर जोडलेल्या प्रत्येक डिस्कला कुलूप लावतं. दुसरी शिरोलीत नको आणि कोल्हापुरात नदीकाठीही नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. पुण्याला किंवा गडहिंग्लजला नातेवाईक असतील तर तिथे ठेवा. तिसरी प्रत क्लाउडवर चालेल, पण सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथे इकडे फाइल बिघडली की तिकडचीही बिघडते. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर आधी कलमं वाचा, काहींना क्लाउड चालत नाही. अपलोड करण्याआधी एन्क्रिप्ट केलं तर त्याची किल्ली कागदावर लिहून दोन जागी ठेवा.

दर वर्षी एकदा, दिवाळीच्या सुट्टीआधी म्हणा, दोन्ही डिस्क जोडून बॅगरने तपासून घ्या. जी प्रत बिघडली असेल ती दुसरीवरून भरा. साधारण पाच वर्षांनी डिस्क बदला. त्याच वेळी निरनिराळ्या वर्षांचे दहा-बारा पार्ट निवडून त्या वेळच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि घनफळ टिपणातल्या आकड्याशी ताडा. नवं एपी किंवा नवा फॉरमॅट तोवर रुळला असेल तर रूपांतर तेव्हाच करा, पण आधीची स्टेप काढून टाकू नका. सॉलिडवर्क्स सोडून दुसरीकडे जायचं ठरलं, तर सबस्क्रिप्शन संपण्याच्या तारखेआधी निदान तीन महिने हातात ठेवा. एक्स्पोर्ट आणि तपासणी एका माणसाला त्याहून कमी वेळात झेपणार नाही.

सुरुवात एक्सपीच्या पीसीवरच्या मेकॅनिकल डेस्कटॉपच्या फायलींपासून करा. त्यांच्या सगळ्या स्टेप फ्रीकॅडमध्ये पास होईपर्यंत तो पीसी, त्याचं लॉक असेल तर ते, आणि सॉफ्टवेअरच्या सीडी भंगारात देऊ नका.